आमच्या मुलीच्या खुनाचा निकाल रस्त्यावर लावू नका

प्रति,
सांगली जिल्ह्यातले बातमीदार आणि संपादक,
यूट्यूबवर बातम्या देणारे,
गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन,
आणि तपासाची माहिती बाहेर पुरवणारे पोलीस कर्मचारी व अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

ज्या मुलीच्या खुनाबद्दल तुम्ही गेले काही आठवडे बोलताय, लिहिताय, तिची मी मावशी. तिचं नाव या पत्रात नाही, आणि म्हणून माझंही नाही. तिचं नाव मोबाईलवर शोधलं की आज जे समोर येतं, त्यात मला भर घालायची नाही. ती कोण होती एवढं मात्र सांगते, कारण ते कुणीच सांगितलेलं नाही. डी. फार्मसी करून ती मिरजेत औषधाच्या दुकानात कामाला होती. सकाळच्या एसटीने जायची, संध्याकाळी परत यायची, स्टॉपवर उतरून उसातल्या रस्त्याने वस्तीपर्यंत चालत. डॉक्टरांचं अक्षर तिला लागायचं, म्हणून गावातल्या म्हाताऱ्या बायका चिठ्ठ्या घेऊन तिच्याकडे यायच्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर ती पेनाने सूर्य किंवा चंद्र काढून द्यायची, सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली ते कळावं म्हणून.

त्या संध्याकाळी काय घडलं ते मी लिहिणार नाही. आमच्या घरातली माणसं या खटल्यात साक्षीदार असतील. त्यांना जे सांगायचं आहे ते न्यायाधीशांसमोर शपथेवर सांगतील.

माझी सगळी नोकरी फौजदारी न्यायालयांत झाली. न्यायाधीशांच्या समोरच्या टेबलाशी बसून खुनाचे खटले ऐकले, साक्षी नोंदवल्या जाताना पाहिल्या, मुद्देमालाच्या याद्या तपासल्या. आरोपी निर्दोष सुटल्यावर मेलेल्या माणसाच्या घरचे लोक व्हरांड्यातल्या बाकावर कसे बसून राहतात तेही पाहिलं. खटला कुठे ढासळला हे त्यांना बहुतेक वेळा कळत नाही. फाईल चाळणाऱ्याला कळतं. पंचनाम्यात, पहिल्या जबाबात, पहिल्या पंधरवड्यातल्या घाईत. आमचा तो पंधरवडा तुम्ही घेतलात, म्हणून हे पत्र.

एका तरुणाला अटक झाली आहे. त्याने हे केलं का, मला माहीत नाही. माझ्या बहिणीलाही माहीत नाही. पोलिसांना संशय आहे आणि तो पुराव्याने सिद्ध करण्याचं काम त्यांच्यापुढे अजून बाकी आहे. त्याने केलं असेल तर त्याला कायद्यातली कडक शिक्षा व्हावी, आणि ती उच्च न्यायालयात, सर्वोच्च न्यायालयात टिकावी, असं मला मनापासून वाटतं. शिक्षा होणं आणि शिक्षा टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी नोकरीत शिकले. या पत्रातली एकूण एक तक्रार त्या इच्छेतून आलेली आहे. "मावशी आरोपीची बाजू घेतेय" असं कुणाला म्हणायचं असेल तर आधी शेवटपर्यंत वाचावं.

सगळ्यात मोठं नुकसान झालं ते त्याच्या फोटोने.

अटक झाली त्याच संध्याकाळी त्याचा उघडा चेहरा जिल्ह्याने पाहिला. ठाण्याच्या दारात दोन पोलिसांच्या मध्ये उभं करून काढलेला फोटो. त्याच्या फेसबुकवरून उचललेले फोटो. कुणाच्या तरी वरातीत नाचतानाचा व्हिडिओ, त्याच्या तोंडाभोवती लाल वर्तुळ. "नराधम जेरबंद" हे त्यावरचं शीर्षक. दुसऱ्या दिवशी तो चेहरा चौकातल्या फ्लेक्सवर होता.

त्या संध्याकाळी रस्त्यावर एक अनोळखी माणूस पाहिल्याचं सांगणारा साक्षीदार आहे. हे तुम्हीच छापलंत, मी नवं काही उघड करत नाही. अशा साक्षीदारासाठी कायद्यात ओळखपरेडची सोय आहे. ती कशी चालते हे बाहेरच्या लोकांना फारसं ठाऊक नसतं, म्हणून सांगते. अटकेनंतर संशयिताला तोंड झाकून नेतात-आणतात. मग तुरुंगात, तहसीलदार किंवा नायब तहसीलदारांच्या देखरेखीखाली, साधारण त्याच वयाची, त्याच अंगकाठीची माणसं त्याच्याबरोबर रांगेत उभी करतात. तपास करणारे पोलीस तिथे नसतात. साक्षीदाराला आत बोलावून विचारतात, तुम्ही पाहिलेला माणूस यांच्यात आहे का. त्याने कुणाच्या अंगावर हात ठेवला तर त्याला वजन असतं, कारण मधल्या काळात तो चेहरा त्याला कुणी दाखवलेला नसतो. ओळखपरेड हा स्वतःहून मोठा पुरावा नव्हे, कोर्टातल्या साक्षीला मिळणारा तो दुजोरा आहे. पण तिन्हीसांजेला, निर्जन रस्त्यावर घडलेल्या गुन्ह्यात दुजोऱ्यांवरच सगळं उभं असतं.

आता खटल्यात आरोपीचे वकील या साक्षीदाराला एकच प्रश्न विचारतील: "परेडच्या आधी तुम्ही याचा फोटो मोबाईलवर पाहिला होता का?" साक्षीदार खरं बोलणारा असेल तर "हो" म्हणेल. पुढे विचारायला काही उरणार नाही. मी हा प्रश्न आणि हे उत्तर कोर्टात ऐकलेलं आहे.

फोटो छापणाऱ्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका अभिनेत्याच्या मृत्यूच्या वार्तांकनावरून दिलेल्या निकालात तपास चालू असताना माध्यमांनी काय टाळावं याची यादीच दिली आहे. आरोपीची ओळख पटायला मदत होईल असे फोटो छापणं त्या यादीत आहे. साक्षीदारांच्या आणि कुटुंबियांच्या मुलाखती आहेत. पोलिसांपुढच्या कथित कबुलीजबाबाला पुरावा असल्यासारखं मांडणं आहे. घटनेचं नाट्यरूपांतर करणं आहे. आमच्या मुलीच्या बाबतीत यातलं काहीही करायचं राहिलेलं नाही.

अटक झालेल्याचं नाव लपवा असं मी म्हणत नाही. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप पोलीस ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात लावायची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ मध्ये आहे. माणूस कोठडीत गडप होऊ नये, त्याच्या घरच्यांना तो कुठे आहे ते कळावं, म्हणून ती आहे. चौकात फ्लेक्स लावायला ती नाही.

दुसरी तक्रार त्या कबुलीची. "गुन्ह्याची कबुली दिली" हे शीर्षक मी इतक्या वेळा वाचलं की माझ्या भाचीच्या भावालाही आता वाटतं, खटला संपला, फक्त फाशीची तारीख ठरायची आहे. तो कॉलेजात शिकणारा मुलगा आहे. उद्या कोर्टात त्या कबुलीचा उल्लेखही होऊ देणार नाहीत तेव्हा त्याला वाटेल न्यायाधीश फितूर झाले. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात तसंच होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही तेच आहे. त्याने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली तर त्या वस्तूपुरतं सांगणं तेवढं चालतं. बाकी कबुली द्यायची तर दंडाधिकाऱ्यांपुढे द्यावी लागते, आणि दंडाधिकारी आधी बजावतात की तू ती द्यायला बांधील नाहीस आणि दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल.

हा नियम आरोपीच्या लाडासाठी केलेला नाही. २०१७ च्या सप्टेंबरात गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. त्याच दिवशी शाळेच्या बसच्या वाहकाला अटक झाली, त्याने कबुली दिल्याचं पोलिसांनी सांगितलं, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोरही त्याच्याकडून ती वदवली गेली. देशभर लोकांनी त्याला शिव्या दिल्या. त्या मुलाच्या वडिलांना ते पटलं नाही. ते सर्वोच्च न्यायालयात गेले, तपास सीबीआयकडे गेला, आणि नोव्हेंबरात सीबीआयने त्याच शाळेतल्या एका अल्पवयीन विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं. वाहकाला जामीन मिळाला आणि २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला दोषमुक्त केलं. पुढे सीबीआयने स्थानिक पोलिसांवरच आरोप ठेवले. ज्याचं मूल गेलं त्या बापाने सगळ्यांबरोबर ओरडण्याऐवजी शंका घेतली, म्हणून हे झालं. आम्हालाही शंका घेण्याची मुभा हवी आहे. तुम्ही ती ठेवलेली नाही. मोर्चात माझ्या बहिणीच्या हातात कुणीतरी अटकेतल्या तरुणाचा फाशीच्या दोरीतला फोटो दिला आणि कॅमेरा तिच्याकडे वळवला.

बहिणीच्या मुलाखतीबद्दल बोलायलाच हवं.

शवविच्छेदन चालू होतं तेव्हा शवागाराबाहेर माईक घेऊन लोक आले. त्या बाईने दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता, पोटात अन्न नव्हतं. तिला विचारलं, शेवटचा फोन किती वाजता आला? तिने एक वेळ सांगितली. दुसऱ्याने विचारलं, तिने दुसरी सांगितली. तिसऱ्याने विचारलं, कुणावर संशय होता का, तर ती नको म्हणून मान हलवत होती आणि आवाजात ते "हो" असं कापून जोडलं गेलं. हे सगळं आता कायमचं साठवलेलं आहे. तिची साक्ष होईल तेव्हा उलटतपासात हे तिन्ही तुकडे तिच्यापुढे ठेवले जातील आणि विचारलं जाईल, यातलं खोटं कुठलं? साक्षीदाराचं आधीचं बोलणं पुढे ठेवून विसंगती दाखवणं हा बचाव पक्षाचा हक्क आहे आणि कुठलाही वकील तो वापरेल, वापरायलाच हवा. सरळमार्गी बाई खोटी ठरेल, आणि ती खोटी ठरावी याची तयारी तिच्या दुःखाचं चित्रण करणाऱ्यांनी केलेली असेल.

भाचीच्या एका मैत्रिणीबद्दल ग्रुपवर फिरलं, "हिला सगळं माहीत होतं." त्या मुलीचा फोटोही फिरला. ती आता गावात नाही, आईवडिलांनी तिला नातेवाईकांकडे पाठवून दिलं. पोलिसांना काही सांगायचं तिच्या मनात असेल तर ती ते आता सांगेल का?

मग माझ्या भाचीबद्दलची चर्चा. संशयिताशी तिचे संबंध होते म्हणे. होते की नव्हते, मला माहीत नाही, आणि ज्यांनी सांगितलं त्यांनाही माहीत नाही. ती एवढ्या उशिरा का येत होती, असं एकाने विचारलं. एसटी त्या वेळेला येते म्हणून. तिच्या मोबाईलमध्ये काय सापडलं याची यादी एका वाहिनीवर वाचली गेली. ती यादी खरी असेल तर ती बाहेर आली कशी, आणि खोटी असेल तर कुणी रचली? दोन्हीतलं एक तरी उत्तर आम्हाला मिळायला हवं. नोएडात २००८ मध्ये एका १३ वर्षांच्या मुलीचा खून झाला तेव्हा घरातला नोकर पळून गेला, तोच खुनी, असं आधी जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी त्याच घराच्या गच्चीवर त्या नोकराचा मृतदेह सापडला. नंतर पोलिसांच्या पत्रकार परिषदेत त्या मुलीच्या चारित्र्यावर बोललं गेलं. २०१३ मध्ये आईवडिलांना जन्मठेप झाली, २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्या मुलीबद्दल देश जे जे बोलला त्यातलं काहीही परत घेता आलं नाही.

ज्यांनी सीसीटीव्हीचे तुकडे, मोबाईलचं शेवटचं लोकेशन, जप्त वस्तूंचे फोटो "ब्रेकिंग" म्हणून दिले त्यांना एक विचारते. अटकेतला माणूस जर तो नसेल, तर खरा माणूस कुठे आहे? तो बाहेर आहे. त्याच्याकडेही मोबाईल आहे. पोलिसांच्या हाती काय लागलं आणि काय नाही हे त्याला तुमच्याकडून कळलं आहे. अटकेतलाच दोषी असेल आणि त्याचा कुणी साथीदार असेल, तरीही तेच. काय लपवायचं, काय जाळायचं, हे घरबसल्या कळेल इतकी माहिती बाहेर आली.

खुनाच्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असेल तर ९० दिवसांच्या आत दोषारोपपत्र दाखल व्हावं लागतं. नाही झालं तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो, गुन्हा कितीही भयानक असो. त्या ९० दिवसांत नमुने प्रयोगशाळेत जायचे असतात, मोबाईलचा तपशील मागवायचा असतो, साक्षीदार शोधायचे असतात. आमच्या तपास अधिकाऱ्यांचा किती वेळ मोर्चाच्या बंदोबस्तात आणि अफवांचे खुलासे देण्यात गेला ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

संशयिताची जात कुठली, धर्म कुठला, तो मूळचा कुठला, याची चौकशी अटकेनंतर तासाभरात सुरू झाली. मग त्याच्या घरावर दगड पडले. त्या घरात त्याची आजी आणि शाळेत जाणारी बहीण राहत होत्या. दोघी गेल्या. कुणी म्हणालं बरं झालं. मला बरं वाटलेलं नाही, माझ्या बहिणीलाही नाही. २०२२ च्या सप्टेंबरात आपल्याच जत तालुक्यात, लवंग्याला, विजापूरकडून पंढरपूरला निघालेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून काठ्या-पट्ट्यांनी मारलं होतं. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता, एवढंच. त्याच्या चार वर्षं आधी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात तसल्याच अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने ठार मारली, तेव्हा मंगळवेढ्याकडची कुटुंबं उघडी पडली. मोबाईलवर आलेलं खरं मानून हात उचलणारी माणसं परकी नव्हती, आपल्यासारखीच शेतकरी, कष्टकरी होती. आमच्या मुलीच्या नावाने दुसऱ्या कुणाच्या घरावर दगड पडू नयेत, हे मी तिच्या आईच्या वतीने लिहितेय.

"कशाला खटला, हैदराबादसारखं करा," असं सभेत एकजण बोलला आणि टाळ्या पडल्या. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुण डॉक्टरच्या खुनातले चार संशयित पोलिसांच्या गोळीबारात मेले, पोलिसांवर फुलं उधळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये उघड झाला. पोलिसांनी ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या, आणि चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असं त्यात म्हटलं आहे. चौघांवर खटला चाललाच नाही. त्या तरुण डॉक्टरचा खून कुणी, कसा केला हे कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेलं नाही आणि आता कधी होणारही नाही. आणि हैदराबाद कशाला, सांगलीकरांना २०१७ चा नोव्हेंबर विसरता येणार नाही. चोरीच्या संशयावरून पकडलेला तरुण शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत मेला, तो पळून गेला असं सांगितलं गेलं, आणि त्याचा मृतदेह आंबोलीच्या जंगलात जाळल्याचं उघड झालं. पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. तेव्हा या शहराने बंद पाळला होता. कोठडीत काय व्हावं आणि काय होऊ नये याबद्दलचं आपलं मत संशयितानुसार बदलू नये.

"त्याचं वकीलपत्र कुणी घेऊ नका" अशीही आवाहनं झाली. असे ठराव बेकायदा आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. २६/११ च्या खटल्यातल्या आरोपीलाही न्यायालयाने सरकारी खर्चाने वकील दिला, अपिलातही दिला, म्हणून तो निकाल वर टिकला. बचावाला वकील नसेल तर खटला पुढे जात नाही, आणि रेटून नेला तर झालेली शिक्षा वर रद्द होते. आम्हाला त्याला वकील हवा आहे, चांगला वकील हवा आहे.

खटला ज्यांना नकोसा वाटतो त्यांच्यासाठी महाराष्ट्रातलीच एक हकीकत. २००३ मध्ये एका शेतावरच्या कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचे खून, बलात्कार. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष ठरवलं आणि प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्यायला राज्य सरकारला सांगितलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी पोलिसांकडच्या फोटोंमधून दुसऱ्याच चार जणांना ओळखलं होतं आणि त्या चौघांचा माग काढला गेला नाही, हे त्या निकालात आहे. सहा माणसांची १६ वर्षं तुरुंगात गेली, हे वाचून हळहळणारे पुष्कळ आहेत. मी त्या बाईंचा विचार करते. घरातली पाच माणसं गेली. इतकी वर्षं त्यांना सांगितलं गेलं की ज्यांनी मारलं ते पकडले आहेत. आणि शेवटी हातात काय आलं? खरे कोण ते आता कोण शोधणार? माझ्या बहिणीचं तसं होऊ नये. तिला खरा माणूस हवा आहे. कुणीही एक माणूस नको आहे.

तर आमच्या मागण्या.

पोलिसांकडे: तपासाची माहिती द्यायची तर एकाच अधिकाऱ्याने, लेखी, ठरावीक मुद्द्यांपुरती द्यावी. पोलिसांनी माध्यमांशी कसं बोलावं याची नियमावली करायला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला सांगितलं आहे. तिची वाट न पाहताही जिल्ह्यात एवढं करता येईल. मोबाईलमधला मजकूर आणि सीसीटीव्ही बाहेर कसं गेलं याची चौकशी व्हावी. तपासाची प्रगती पीडित कुटुंबाला कळवण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेत आहे, तिच्याप्रमाणे आम्हाला आधी सांगा. आम्हाला ते यूट्यूबवर कळू नये. त्या मैत्रिणीला आणि रस्त्यावरच्या साक्षीदाराला २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली संरक्षण द्या.

ॲडमिन मंडळींकडे: माझ्या भाचीचा, तिच्या मैत्रिणीचा, त्या तरुणाच्या आजीचा आणि बहिणीचा फोटो तुमच्या ग्रुपवरून काढा. टाकणाऱ्याला समज द्या. तुमच्यातले बरेचजण आमच्या ओळखीचे आहेत, माझ्या हातचा चहा प्यायलेले आहेत, म्हणून हक्काने सांगते.

वकील मंडळींकडे: त्याचं वकीलपत्र घेणाऱ्याला कुणी त्रास देऊ नये, एवढं जाहीर सांगा.

बातमीदार आणि संपादकांकडे: गप्प बसा असं मी म्हणत नाही. संध्याकाळच्या एसटीच्या वेळेला त्या रस्त्यावर दिवे का नाहीत ते लिहा. प्रयोगशाळेचे अहवाल वेळेत येतात का ते विचारा. दोषारोपपत्र मुदतीत जातंय का यावर लक्ष ठेवा. खटला सत्र न्यायालयात खुल्या कोर्टात चालेल. पहिल्या दिवशी सगळे येतील, मला माहीत आहे. पंचाच्या कंटाळवाण्या साक्षीच्या दिवशीही या, सरकारी पक्ष कमी पडत असेल तर तेव्हा जोरात लिहा. आणि तो तरुण उद्या निर्दोष ठरला, तर ज्या पानावर त्याला नराधम म्हटलं त्याच पानावर, त्याच आकारात ते छापा.

यातलं एक काम थांबण्यासारखं नाही. शवागाराबाहेरची माझ्या बहिणीची मुलाखत आणि त्या तरुणाचे फोटो ज्या ज्या वाहिन्यांवर आणि पानांवर अजून आहेत, तिथून ते आजच उतरवा. काय उतरवलं त्याची नोंद मात्र तारखेसह स्वतःकडे ठेवा, न्यायालयाने मागितली तर द्यावी लागेल.

आपली,
तिची मावशी
जि. सांगली